हृदय उघडून पाहणारे बिशप : धन्यवादित निकोलस स्टेनो

५ डिसेंबर रोजी ख्रिस्तसभा ज्या धन्यवादिताचे स्मरण करते, त्याचे नाव आपल्या धर्मग्रामात फारसे कोणाला ठाऊक नसेल. डेन्मार्कच्या भाषेत त्यांचे नाव नील्स स्टेन्सन. ते लॅटिनमध्ये लिहीत, म्हणून जग त्यांना निकोलस स्टेनो या नावाने ओळखते. ते आधी शरीरशास्त्रज्ञ होते, मग धर्मगुरू आणि शेवटी बिशप झाले. जमिनीचे थर आणि जीवाश्म यांचा अभ्यास करणारे त्यांना आपल्या शास्त्राच्या संस्थापकांपैकी एक मानतात आणि त्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. मला त्यांच्या दुसऱ्या कामाविषयी सांगायचे आहे. माणसाचे हृदय हा एक स्नायू आहे, दंडातल्या किंवा पोटरीतल्या स्नायूसारखाच, हे त्यांनी हृदय सोलून, धागा न् धागा मोकळा करून दाखवून दिले. आज शाळेतल्या मुलालाही हे माहीत असते. साडेतीनशे वर्षांपूर्वी ते ऐकून विद्वानांना धक्का बसला.

नील्सचा जन्म जानेवारी १६३८ मध्ये कोपनहेगन येथे झाला. घराणे लुथरपंथीय, वडील सोनार, राजाच्या दरबारासाठी दागिने घडवणारे. तिसऱ्या वर्षापासून सहाव्या वर्षापर्यंत हा मुलगा आजारीच होता. बाहेर खेळायला जाता येत नसे, त्यामुळे मोठ्या माणसांच्या सोबतीत बसून त्यांचे बोलणे ऐकणे हाच त्याचा खेळ. वडील लवकर वारले. पुढे १६५४ मध्ये शहरात प्लेगची साथ आली आणि त्याच्या शाळेतील कितीतरी मुले दगावली. १६५६ मध्ये त्याने वैद्यकशास्त्रासाठी विद्यापीठात नाव घातले, आणि पुढे तो शिकत असतानाच स्वीडनच्या सैन्याने शहराला वेढा दिला. या धामधुमीत १६५९ साली त्याने लिहिलेली एक वही आजही उपलब्ध आहे. तिला त्याने ‘केऑस’ म्हणजे गोंधळ असे नाव दिले होते. नाव अगदी योग्य आहे. वाचलेल्या पुस्तकांची टिपणे, औषधांचे पाठ, मधेच प्रार्थना, आणि एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारण्याच्या स्वतःच्या सवयीबद्दलची तक्रार, सगळे एकाच वहीत. घाईघाईने मत बनवायचे नाही, हा निश्चय त्याने तेव्हाच केला होता.

स्टेनो शिकत होते त्या काळात शरीराविषयीची जुनी समजूत कोसळत होती. प्राचीन वैद्य गेलनच्या मते अन्नापासून रक्त तयार करण्याचे काम यकृत करते. तेथून ते शिरांवाटे अंगभर जाते आणि पाटाचे पाणी शेतात जिरावे तसे अवयवांत जिरून जाते. हृदय ही शरीराची चूल, जन्मजात उष्णतेचे ठिकाण. ही समजूत सुमारे चौदाशे वर्षे टिकली. १६२८ मध्ये इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी साधा हिशेब मांडला. हृदय एका ठोक्याला जेवढे रक्त बाहेर ढकलते, त्याला ठोक्यांच्या संख्येने गुणले तर अर्ध्या तासात एवढे रक्त होते की तेवढे शरीरात नसतेच आणि खाल्लेल्या अन्नातून तयारही होणे शक्य नाही. म्हणजे तेच रक्त फिरून फिरून परत येते.

त्याआधी, १६२२ मध्ये, इटलीत गास्पारे असेली यांना नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या आतड्याजवळ दुधासारखे पांढरे धागे दिसले होते. या वाहिन्या यकृताकडे जात असाव्यात, असे सर्वांना वाटले. १६५१ मध्ये फ्रान्सच्या झाँ पेके यांनी दाखवले की तसे नाही. त्या छातीतून वर चढणाऱ्या एका नळीला मिळतात आणि ती नळी मानेच्या पायथ्याशी शिरेत रिकामी होते. दोन वर्षांनी कोपनहेगनचे थॉमस बार्थोलिन यांनी अंगभर पसरलेल्या, पाण्यासारखा पातळ द्रव वाहणाऱ्या वाहिन्यांचे वर्णन केले आणि त्यांना लसिकावाहिन्या हे नाव दिले. स्वीडनच्या ओलोफ रुडबेक यांनीही त्याच सुमारास त्या शोधल्या होत्या, आणि पहिला कोण यावरून दोघांत बराच वाद झाला. रक्त बनवण्याचे काम यकृताकडून गेले. बार्थोलिन यांनी तर गंमतीने यकृताचा मृत्युलेखच लिहिला. आपल्या मराठीत ‘काळीज’ हा शब्द हृदयालाही आहे आणि खाटिकाच्या दुकानात यकृतालाही, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. गेलन आणि हार्वे यांचा तंटा आपल्या भाषेने अजून मिटवलेला नाही!

हेच बार्थोलिन स्टेनो यांचे गुरू.

स्टेनो यांनी काय केले ते नीट कळावे म्हणून शरीरातील ही व्यवस्था आज आपल्याला कशी ठाऊक आहे ते थोडक्यात पाहू. हृदय साधारण आपल्या मुठीएवढे, वजन सुमारे ३०० ग्रॅम. त्याचे चार कप्पे. वरच्या दोन कर्णिका रक्त घेतात, खालच्या दोन जवनिका ते बाहेर ढकलतात. उजवी बाजू अंगभरातून आलेले, प्राणवायू कमी झालेले रक्त फुप्फुसांत पाठवते. डावी बाजू फुप्फुसांतून ताजे होऊन आलेले रक्त महारोहिणीवाटे सर्व शरीराला देते. कप्प्यांच्या तोंडाशी झडपा असतात, त्या एकाच दिशेने उघडतात, म्हणून रक्त मागे फिरत नाही. मिनिटाला सुमारे ७० ठोके, म्हणजे दिवसाला एक लाख. मिनिटाला पाच लिटर रक्त पुढे जाते, जवळजवळ अंगातले सगळेच. रोहिण्यांच्या भिंती जाड आणि लवचीक, कारण ठोक्याचा दाब त्यांना सोसावा लागतो. नीलांच्या भिंती पातळ असतात, आणि हातापायांतील नीलांत जागोजाग झडपा असतात. या दोहोंना जोडणाऱ्या केसाहून बारीक वाहिन्या हार्वे यांना दिसल्या नव्हत्या. १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिगी यांनी बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाने त्या पाहिल्या.

या बारीक वाहिन्यांच्या भिंतींतून रक्तातील पाणी, मीठ, साखर बाहेर झिरपते आणि पेशींना मिळते. बहुतेक पाणी परत आत शोषले जाते, पण सगळे नाही. दिवसाला सुमारे तीन लिटर मागे उरते. ते गोळा करून परत रक्तात नेणे हे लसिकावाहिन्यांचे काम. या व्यवस्थेला हृदयासारखा एक मोठा पंप नाही. वाहिन्यांच्या भिंतींचे हलके आकुंचन, चालताना हलणारे स्नायू, श्वासोच्छ्वास आणि वाहिन्यांतील झडपा यांच्या जोरावर लसिका हळूहळू वर सरकते. वाटेत ठिकठिकाणी लसिकाग्रंथी असतात. तेथे ती गाळली जाते आणि रोगजंतू अडवले जातात. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येते ते यामुळेच. ही वाट बंद पडली तर काय होते, हे विदर्भाच्या पूर्व भागातील लोकांनी पाहिलेले आहे. डासांमार्फत शिरलेले हत्तीरोगाचे जंतू लसिकावाहिन्यांत ठाण मांडतात, पाणी साचत जाते आणि पाय खांबासारखा सुजतो.

आता स्टेनो यांच्याकडे वळू. १६६० च्या वसंतात ते हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅमला आले. वय बावीस. एप्रिलमध्ये त्यांनी मेंढीचे एक मुंडके आणले आणि मेंदू पाहण्यापूर्वी तोंडातील वाहिन्या तपासायला घेतल्या. सळई आत सरकवली तर ती मोकळ्या जागेत जाऊन दातावर खट्‌ वाजली. कानापुढच्या मोठ्या लाळग्रंथीतून गालात उघडणारी ही नळी होती. लाळ तोंडात कोठून येते याचा उलगडा त्यातून झाला. त्यांनी ती आपल्या शिक्षकांना, गेरार्ड ब्लासियस यांना, दाखवली. थोड्याच दिवसांत ब्लासियस हा शोध आपलाच असल्याचे सांगू लागले आणि वर या तरुणावर चोरीचा आरोप केला. स्टेनो यांनी आरडाओरडा केला नाही. शांतपणे इतर ग्रंथींचा अभ्यास सुरू केला आणि एकेक निष्कर्ष छापत गेले. ज्याला खरोखर माहीत होते तो कोण, हे लोकांना आपोआप कळले. ती नळी आजही वैद्यकात स्टेनो यांच्याच नावाने ओळखली जाते.

लायडन विद्यापीठात ते ग्रंथींच्या मागे लागले. अश्रू मेंदूतून गळतात असे तेव्हा मानले जाई. स्टेनो यांनी अश्रुग्रंथी आणि तिच्या बारीक नळ्या दाखवल्या, आणि डोळा ओला राहावा व पापणी सहज हलावी यासाठी हे पाणी आहे हे स्पष्ट केले. (रडण्याची थोरवी त्याने कमी होत नाही, हे सांगायला नकोच.) लाळ, अश्रू असे द्रव रोहिण्यांनी आणलेल्या रक्तातून ग्रंथी वेगळे काढतात, हा त्यांचा निष्कर्ष. ज्यांना स्वतःची नळी असते त्या ग्रंथी आणि लसिकावाहिन्यांच्या वाटेवर बसलेल्या गोल ग्रंथी यांतला फरकही त्यांच्या लेखनाने पक्का झाला. १६६२ मध्ये हे सर्व पुस्तकरूपाने आले.

मग हृदय. त्या वर्षी लायडनमध्येच देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचे माणसाच्या शरीराविषयीचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी प्रसिद्ध झाले होते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकणाऱ्या कोणालाही देकार्त टाळता येत नाही, आणि त्याच्या बुद्धीविषयी मला आदरच आहे. पण हृदयाविषयी त्याने जे लिहिले ते मेजावर बसून लिहिले. त्याच्या मते हृदय तापलेले भांडे आहे. रक्ताचे थेंब आत पडतात, उष्णतेने फुगतात आणि फुगल्यामुळे बाहेर पडतात. हृदयाला स्वतःला काही करावे लागत नाही. मांडणी सुबक होती आणि तरुण विद्वानांना ती फार आवडली. स्टेनो यांनाही देकार्तविषयी ओढ होती.

त्यांनी जनावराचे हृदय उकळले, वरचा पापुद्रा काढला आणि तंतू कोणत्या दिशेने जातात ते पाहू लागले. एक तंतू वरून निघून खाली टोकाकडे गेला, तेथे वळला आणि पुन्हा वर चढला. दुसराही तसाच. मग त्यांनी सशाच्या पायाचा स्नायू शेजारी ठेवून ताडून पाहिला. तेच मांस, तसेच तंतू, तशाच रोहिण्या, नीला आणि मज्जातंतू. स्नायूत जे असते त्यातले हृदयात काही कमी नाही आणि जे नसते असे हृदयात काही जास्त नाही. मग ते स्नायू नव्हे तर काय? ते तापून फुगत नाही, आकुंचन पावते. त्याचे तंतू पिळाने वळलेले असल्यामुळे ते ओले धोतर पिळावे तसे स्वतःला पिळते आणि रक्त बाहेर जाते. १६६४ मध्ये त्यांनी हे लहानशा पुस्तकात प्रसिद्ध केले.

या एका निरीक्षणाने बरेच काही हातचे गेले. हृदय म्हणजे उष्णतेचे आसन, जीवनशक्तीची भट्टी, आत्म्याचे खास दालन, असे कवी आणि वैद्य दोघेही म्हणत आले होते. आता ते मांस ठरले. श्रद्धाळू माणसाला येथे थोडे चुकल्यासारखे वाटणे साहजिक आहे. स्टेनो यांच्या मनावर मात्र उलटाच परिणाम झाला. त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे की, ज्या गोष्टी हाताने चाचपता येतात, ज्या लहान मुलालाही तासाभरात दाखवता येतील, त्यांत जर हे मोठे विचारवंत इतके चुकत असतील, तर ईश्वर आणि आत्मा यांविषयीच्या त्यांच्या खात्रीवर मी कसा विसंबू? त्याच काळात स्पिनोझा त्यांची मेंदूची विच्छेदने पाहायला येत असे. त्या मंडळींच्या सहवासात स्टेनो यांची श्रद्धा डळमळली होती. ती सावरायला हृदयाच्या या तंतूंची मदत झाली, हे मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत विलक्षण वाटते. विज्ञानामुळे विश्वास गेल्याच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. येथे घमेंडखोर तत्त्वज्ञानावरचा विश्वास गेला.

१६६४ मध्ये ते कोपनहेगनला परतले. आई वारली आणि विद्यापीठातील जागा दुसऱ्याला मिळाली. ते पॅरिसला गेले. तेथे १६६५ मध्ये विद्वानांच्या बैठकीत मेंदूवर बोलताना त्यांनी सुरुवातीलाच आपल्याला याविषयी काही ठाऊक नसल्याचे सांगून टाकले आणि मग इतरांनाही ते कसे ठाऊक नाही हे एकेक करून दाखवले. तेथेच त्यांनी एका मृत गर्भाच्या हृदयाची तपासणी केली. फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी अरुंद होती, दोन्ही जवनिकांमधल्या पडद्यात भोक होते आणि महारोहिणी त्या भोकावर स्वार झालेली होती. जन्मतः बाळ निळे पडण्यास कारणीभूत होणारा हा दोष १८८८ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टर फालो यांनी सविस्तर मांडला आणि आज तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्याचे पहिले वर्णन स्टेनो यांचे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा बाळांसाठी काही करता येत नव्हते. आता शस्त्रक्रियेने त्यांतली बहुतेक वाचतात.

१६६६ मध्ये ते फ्लॉरेन्सला मेदिची घराण्याच्या आश्रयाला आले. त्या वर्षी लिव्होर्नो बंदरात त्यांनी ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक पाहिली. पुढे जाणारी ती भाकर नुसती भाकर असेल तर हे सारे लोक वेडे आहेत, आणि तसे नसेल तर मी येथे नुसता उभा का, हा प्रश्न त्यांच्या मनातून जाईना. फ्लॉरेन्सच्या एका मठात औषधालय सांभाळणारी मारिया फ्लाविया देल नेरो ही धर्मभगिनी होती. औषधे घ्यायला येणाऱ्या या परदेशी डॉक्टरशी तिने श्रद्धेविषयी बोलणे काढले, प्रार्थना करायला सुचवले आणि पिच्छा सोडला नाही. स्टेनो यांनी येथेही आपली पद्धत सोडली नाही. जुने ग्रंथ मूळ ग्रीक आणि हिब्रूत वाचले, ताडून पाहिले. नोव्हेंबर १६६७ मध्ये त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. त्याच वर्षी त्यांचे स्नायूंवरचे दुसरे पुस्तक निघाले. स्नायू आकुंचन पावताना त्यात काही भरले जात नाही, त्याचे आकारमान वाढत नाही, फक्त आकार बदलतो, हे त्यांनी त्यात भूमितीने सिद्ध केले. पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. पण ते बरोबर होते. त्याच पुस्तकाला एका मोठ्या शार्कच्या डोक्याच्या विच्छेदनाची जोड होती. त्या शार्कच्या दातांवरून ते खडकांतील दगडी दातांकडे आणि तेथून पृथ्वीच्या थरांकडे वळले. १६६९ चे ते पुस्तक प्रसिद्धच आहे.

१६७२ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्यांना बोलावून घेतले. कॅथलिक असल्यामुळे प्राध्यापक होता येईना, म्हणून राजाचे शरीरशास्त्रज्ञ असे पद मिळाले. दोन वर्षांत ते फ्लॉरेन्सला परत आले आणि १६७५ मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. फ्रान्समधील पारे-ल-मोनियाल येथे संत मार्गारेट मेरी यांना येशूच्या पवित्र हृदयाची दर्शने घडली ती १६७३ ते १६७५ याच वर्षांत. दोघांची कधी भेट झाली नाही. ज्या दशकात हृदय हे मांस आहे हे विद्वानांना पटू लागले, त्याच दशकात आपल्या घराघरांत लावल्या जाणाऱ्या त्या चित्राची भक्ती वाढीस लागली. मला यात विरोध दिसत नाही. शब्द देह झाला असे आपण मानतो. मग त्या देहातले हृदयही स्नायूच असणार, मिनिटाला सत्तर वेळा आकुंचन पावणारा आणि क्रुसावर थांबलेला.

१६७७ मध्ये रोममध्ये त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. तो करणारे ग्रेगोरिओ बार्बारिगो पुढे संत झाले. उत्तर युरोपातील विखुरलेल्या मूठभर कॅथलिकांची जबाबदारी स्टेनो यांच्यावर आली. हानोव्हरला लायबनित्ससारखा तत्त्वज्ञ त्यांना भेटे. एवढा मोठा शास्त्रज्ञ सामान्य धर्मपंडित होऊन बसला याची त्याला हळहळ वाटे. आजही अनेक चरित्रकार तोच सूर लावतात. मेंदूविषयी ते आणखी काय सांगू शकले असते, हा प्रश्न मलाही पडतो, आणि या हळहळीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण ज्याने कोणाच्याही सांगण्यावरून काही मानले नाही, त्याने आपले आयुष्य कशासाठी खर्चावे हे लायबनित्सच्या सांगण्यावरून ठरवावे, ही अपेक्षाही फार झाली.

१६८० पासून ते म्यून्स्टर येथे साहाय्यक बिशप होते. पायी धर्मग्राम फिरत, कडक उपवास करीत. बिशपची अंगठी आणि क्रूस विकून पैसे गरिबांना दिले. १६८३ मध्ये तेथे नव्या बिशपच्या निवडीसाठी मते पैसे देऊन मिळवली गेली. स्टेनो यांनी उघड निषेध केला आणि शहर सोडले. हॅम्बुर्गमध्ये जुने मित्र, शरीरशास्त्रज्ञ केर्करिंग, यांच्याकडे ते राहिले. शेवटी श्वेरिनला गेले. तेथे जुनाट कपड्यांत, थंडीत, थोड्याशा लोकांची सेवा करीत राहिले. पोटाच्या आजाराने फार यातना सोसून ५ डिसेंबर १६८६ रोजी त्यांचे निधन झाले. वय ४८.

मेदिचींच्या इच्छेनुसार केर्करिंग यांनी त्यांचा देह फ्लॉरेन्सला पाठवला आणि सान लोरेन्झोच्या चर्चमध्ये त्याचे दफन झाले. १९५३ मध्ये तो तेथल्याच एका बाजूच्या चॅपेलमध्ये, प्राचीन ख्रिस्ती काळातील दगडी पेटीत हलवण्यात आला. २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. त्या पेटीपाशी लोक हाताने लिहिलेल्या विनंत्यांच्या चिठ्ठ्या ठेवून जातात.